जागा सोडून आलेला दगड

माझी बायको गेली त्याले वर्ष झालं. पोरानं अकोल्याहून तिच्या नावाचा दगड कोरून आणला अन् वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसवतो म्हणाला. मी नाही म्हटलं. तिले जाळलं गावच्या मसणात, अस्थी सोडल्या पूर्णेत, मग धुऱ्यावर तिचं काय आहे? जिथं माणूस नाही तिथं त्याचा दगड लावणं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याले फसवणं. तवापासून तो दगड पोत्यात गुंडाळून ओसरीत पडला अन् पोरगं माझ्याशी कामापुरतं बोलायले लागलं.

मागच्या महिन्यात डोळे दाखवायले अमरावतीले गेलो. डॉक्टर दुपारून बसणार होता, म्हणून पोरानं मले एका संग्रहालयात नेलं. तिथं एक पांढरट दगड उभा होता. त्यावर अक्षरं कोरलेली, पण आपली नाही. खालची मराठी पाटी पोरगं वाचून दाखवत होतं, मी त्याले गप केलं. चौथी शिकलो आहे, वाचता येते मले. एकेक अक्षर लावत गेलो. चुनखडीचा दगड, परदेशातला, लय जुना. एका बाईच्या कबरीवर तिच्या नवऱ्यानं लावलेला.

मी चपला काढल्या. समाधीपुढं पायात घालून उभं राहायची आमच्याकडं रीत नाही. तिथला रखवालदार म्हणाला, इथं काढाव्या लागत नाही.

"बाईची कबर हाय ना हे?" मी म्हटलं.

"कबर तिकडंच राह्यली, बुढेबाबा. इथं निस्ता दगड हाय."

"मंग बाई कुठं हाय?"

त्यानं पोराकडं पाहिलं. पोरानं दुसरीकडं.

मी तसाच अनवाणी उभा. बाई इथं नाही, हे मले समजत होतं. वर्षभर घरात मीच तर हे सांगून राहिलो होतो. पण मग मी उभा कोणापुढं होतो? दगडापुढं म्हणावं, तर दगडापुढं कोणी इतका वेळ उभं राहते का? अन् दगड लावणाऱ्या त्या नवऱ्याचा विचार माझ्या डोक्यात कुठून आला? डोकं चालेना.

डोळे दाखवून घरी आलो. सकाळी पोराले म्हटलं, "दगड बसव. धुऱ्यावर नाई, विहिरीपाशी. तिथं तुही माय जेवाले बसे."

"तिथं तरी कुठं हाय ते, बाबा?"

नाही, हे मलेही माहीत आहे. मग विहिरीपाशीच काहून, हे त्यानं दोनदा विचारलं. म्हटलं, सांगतो तिथंच बसव.