आतली हवा निघेपर्यंत

आमच्या साडूंइतका सावकाश माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. सापडलाच तर तो झोपलेला असेल. मूळचे घाटंजीचे, पण हयात गेली उपग्रहावर बसवायची यंत्रं बनवण्यात. फार वर, हवा जिथं जवळजवळ संपते, तिथं विजेचा भार असलेले कण फिरतात. त्यांना आयन म्हणतात, ते मोजायचं यंत्र. त्याला हजारो व्होल्ट लागतात, आणि वर पोचल्यावरही त्याच्या आत थोडी हवा अडकून असते. ती पुरती निघायच्या आत वीज सोडली की पडली ठिणगी, आणि वर जाऊन दुरुस्त कोण करणार? म्हणून वाट पाहायची. ही खोड मग घरीदारी सगळीकडे लागली. लोहाऱ्याला आम्ही फ्रिज आणला तर हे प्लगपुढे उभे. "काहून घाई करून राह्यले? बसू द्या ना त्याले जरा." भर मे महिन्यात आम्ही आठवडाभर कोमट पाणी प्यायलो. वणीच्या एका लग्नात त्यांना अंतरपाट धरायला दिला. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, तरी हे अंतरपाट सोडेनात. शेवटी नवरीनंच तो खाली ओढला.

गेल्या वर्षी त्यांचं शेवटचं यंत्र वर गेलं आणि नेमकी त्याच महिन्यात निवृत्ती आली. मी फोनवर म्हटलं, "भाऊ, निवृत्तीच्या दिवशी दाबून टाका वीज सोडायचं बटण. जन्माचं सार्थक होईल." साहेबांचीही हरकत नव्हती. पण आतली हवा अजून पुरती निघाली नव्हती. "मले घाई झाली म्हणून त्याले झाली काय?" म्हणाले, आणि बटणाला हात न लावता घरी निघून आले. मला तर चीडच आली. इतकी वर्षं राबायचं आणि ऐन वेळी मान दुसऱ्याला द्यायचा, ही कुठली रीत?

पुढं एका सकाळी आमच्याकडे पोहे खात बसले असताना फोन आला. त्यांच्या जागी आलेली मुलगी बोलत होती. यंत्र सुरू केलं, ठिणगी नाही, आयन मोजले जाताहेत. "शाब्बास बेटा," साडू खणखणीत आवाजात म्हणाले. फोन ठेवला आणि बशीतला चमचा नुसताच फिरवत राहिले.

"घाई तर नाही ना केली तिनं?" मी विचारलं.

"नाही, बरोबर केलं. मी असतो तं अजून दोन दिवस थांबलो असतो." चमचा थांबला. "तेवढंच त्याच्यापाशी बसाले भेटलं असतं."