नाक्यावरची साक्षीदार

बोईसरला नेमणुकीवर असताना हाती आलेले एक प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. पाम गावाच्या रस्त्याकडेला सकाळी एका मजुराचा मृतदेह सापडला. वाहनाने उडवले असावे, असे बघणारे म्हणत होते. खिशात काही नव्हते. अकस्मात मृत्यूची नोंद करून आम्ही मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवला. अहवाल आला तेव्हा चित्र बदलले. धडकेची एकही जखम नव्हती. माणूस विषारी वायूने गुदमरला होता.

मजूर नाक्यावरच्या चहावाल्याने आमच्या हवालदाराला हळूच खबर दिली. मृत माणूस उत्तरेकडचा, स्टेशनमागच्या मोकळ्या जागेत झोपणारा. आदल्या सकाळी तो एका मुकादमाच्या टेम्पोत बसून गेला होता.

मुकादमाला ठाण्यात आणले. त्याने शांतपणे सांगितले की, संध्याकाळी त्या मजुराला नाक्यावर सोडले, पुढचे ठाऊक नाही. टेम्पोत आणखी कोण होते, हे मात्र त्याला आठवेना. अशी सोयीची विस्मृती मी नोकरीत पुष्कळ पाहिली होती.

नाक्यावर चौकशी केली तर सगळ्यांच्या माना खाली. कारण उघड होते. कोणाला काम द्यायचे, हे मुकादमच ठरवत असे. बोलणाऱ्याची चूल दुसऱ्या दिवशी पेटली नसती.

मी जीपकडे वळलो, तेव्हा मागून एक बाई आली. जव्हारकडची. भातकापणी उरकली की नवऱ्याबरोबर इकडे कामाला यायची, आणि त्याच मोकळ्या जागेत तीन दगड मांडून राहायची.

"सायेब, आमी दोघं नवरा-बायको व्हतो त्याच्यासंगं टेम्पोत," ती म्हणाली. "तो टाकी साफ कराया उतरला, तो वर आलाच नाय."

मुकादमाने त्यांना दम दिला होता. मग आता का सांगतेस, असे मी विचारले.

"त्याचा हितं कोनी नाय. आमी बी नाय बोललो, तर कोन बोलल?"

तिचा जबाब समोर ठेवताच टेम्पोच्या चालकाने कबूल केले की, अपघात वाटावा म्हणून मुकादमाच्या सांगण्यावरून त्यानेच मृतदेह रस्त्याकडेला टाकला होता. त्याने एका गोदामामागची सांडपाण्याची टाकी दाखवली आणि झुडपात फेकलेल्या मृताच्या चपलाही काढून दिल्या. चपलेचा निळ्या वायरने शिवलेला पट्टा बाईने पंचांसमोर ओळखला. मुकादम अटकेत गेला. मृताच्या भावाचा शोध लागला आणि अंत्यसंस्कार घरच्यांच्या हातून झाले.

खटला उभा राहिला तोवर ती मोकळी जागा कुंपणात गेली होती. त्या बाईला समन्स बजावायला पत्ताच उरला नव्हता. मग आमचा हवालदार रोज सकाळी नाक्यावर उभा राहून तारीख सांगू लागला. पूर्वी माना खाली घालणाऱ्या मजुरांनीच तो निरोप या नाक्यावरून त्या नाक्यावर पोहोचवला.

तारखेला मी पालघरच्या न्यायालयात पोहोचलो, तर नवरा-बायको पायरीवर बसलेले. सोबत नाक्यावरचे दहा-बारा मजूर, दिवसाचे काम सोडून आलेले.

बचावाच्या वकिलांनी तिला विचारले, तू राहतेस कुठे?

"काम आसल तिथं," ती म्हणाली. उलटतपासणीत तिचा एकही शब्द बदलला नाही. मुकादमाला शिक्षा झाली.

माझ्या सेवेत पदके मिळाली, सत्कार झाले. पण खाकी अंगावर असल्याचा खरा अभिमान मला त्या दिवशी वाटला. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते, त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. पुढे प्रत्येक ठाण्यात नव्या शिपायाला मी पहिल्या आठवड्यात मजूर नाक्यावर न्यायचो आणि सांगायचो, या माणसांना नावाने ओळखायला शीक.