चाचांचा कापसाचा डिंक

आता सांगूनच टाकते. बाबांपुढे हे बोलायची कधी हिंमत झाली नाही, आणि बाबा जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीत शाळेत होते, बाबा भिक्षुकी करायचे. त्यांची पूजेची जाडजूड पोथी पार उसवली होती. बांधायची तर पंचाईत. बाइंडर लोक सरस लावत, म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला. तो पोथीला चालायचा नाही. मैद्याची खळ लावली की वर्षभरात कसर लागायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान बाइंडरचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते बाबांना म्हणाले, "महाराज, तिसरा इलाज आहे. माहा भाचा अकोल्याच्या गिरणीत आहे. तिथं सुताले खळ लावाले आता एक पावडर येते. कापसातूनच काढतात म्हणे. ना कातडं, ना मैदा."

"कापसाचा डिंक? आता हेच पाहाचं राहिलं होतं!" बाबा हसले, तयारही झाले. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू तिथंच बसून राह्य. कोणत्या भांड्यातलं लावते ते पाह्यजो."

चाचांनी शेगडीवरचं वास मारणारं सरसाचं भांडं दूर सारलं. कोऱ्या वाडग्यात पाणी घेतलं आणि पांढरी भुकटी चिमटीचिमटीनं सोडत काडीनं ढवळू लागले.

"एकदम टाकली का गोळे होते, बेटी. हिले घाई चालत नाई. तासभर फुगू दे."

तासभर! समोर कासाराकडे नव्या बांगड्या आल्या होत्या. मी न विचारताच पळाले. परतले तेव्हा पोथी बांधून दाबाखाली गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पोथी उन्हात धरली. "हे तर सरसावानी चमकून राहिलं. तू पाह्यलं नं लावताना?"

खरं सांगितलं असतं तर बोलणी बसली असती, एवढंच. मी म्हणाले, "नाही. त्यांनी मले बाहेर पाठवलं होतं."

बाबांनी पोथी नाकाशी नेली असती तरी कळलं असतं. पण त्यांनी माझा हात धरला आणि थेट दुकान गाठलं.

"पोरीले बाहेर कावून काढलं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "मी काढलं तुले, बेटी?"

मी माझ्या चपलेकडे पाहत राहिले.

"वाडगं अजून धुतलं नाई, महाराज. पाहून घ्या."

बाबांनी पाहिलं नाही. त्यानंतर गावातल्या एकाही भिक्षुकाघरची पोथी चाचांकडे गेली नाही. आमची फडक्यात बांधून फळीवर गेली. बाबांनी ती पुन्हा वाचली नाही.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. शेजारचे भाऊजी गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात होते. एकदा त्यांनी पोरांच्या पतंगांसाठी तीच भुकटी आणली. पाण्यात फुगली, वास नाही, वाळल्यावर काचेसारखी चमकली. पोरं टाळ्या पिटत होती. मी आत निघून गेले.

पुढच्या माहेरपणात चाचांच्या दुकानावर गेले. तिथं सायकलवाला बसला होता.

"चाचा तं अचलपूरले गेले, लेकीपाशी. पत्ता देऊ, बाई?"

"नको, राहू द्या," म्हणाले मी. आणि काय सांगू, परत येताना मला हलकं वाटत होतं. सुटले, असं वाटत होतं. खोटं बोलले तेव्हा लहान तरी होते. त्या दिवशी कडेवर माझी लेक होती.

पोथी आता माझ्याकडे आहे. एक पान सुटलं नाही, कसर नाही. पत्ता मात्र माझ्याकडे नाही.