शेंगदाण्याच्या वासावर

माझ्या लेकीला शेंगदाणे चालत नाहीत. आवडत नाहीत असं नाही, चालत नाहीत. एक दाणा पोटात गेला तरी तिचा गळा सुजतो आणि श्वास अडकतो. हे मी लोकांना इतक्यांदा सांगितलंय की आता सांगतानाच माझा आवाज चढतो, कारण समोरून काय येणार ते मला पाठ आहे. "थोडं थोडं देत जा, सवय होते." कपाळ सवय होते. आमच्या लालबागेत कुठल्याही घरात जा आणि दाण्याचं कूट कशात नाही ते विचारा. शेजारीण वाटी घेऊन आली की मी आधी वाटीकडे बघते आणि मग तिच्या तोंडाकडे. लोक मला खवट म्हणतात. म्हणू देत.

सगळ्या गोतावळ्यात माझा विश्वास होता तो एका माणसावर, माझ्या मोठ्या नणंदेवर. डिलाईल रोडच्या चाळीत एकट्या राहतात, लग्न केलं नाही, भाचीवर जीव ओवाळून टाकतात. लेकीला पहिल्यांदा त्रास झाला तो त्यांच्यासमोरच. त्या दिवसापासून बाईंनी ना वाद घातला ना मला शहाणपणा शिकवला. दिवाळीत त्या आधी भाचीचा चिवडा करणार, तो डब्यात बंद झाला की मग चाळीला वाटायच्या चिवड्यासाठी दाणे तळणार. लेकीला एकटीला मी सोडायची ती फक्त त्यांच्याकडे.

आणि अशात नवऱ्याच्या ऑफिसने बक्षीस म्हणून आम्हा तिघांना बँकॉकला पाठवायचं काढलं. एवढी मोठी दुनिया पडलीय, आणि पाठवतायत कुठे, तर जिथे नूडल्सवरसुद्धा दाणे भुरभुरवतात तिथे. मी सरळ नाही म्हटलं. लेक रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "आई, मी मोठी झाल्यावर पण तू अशीच करणार?" ह्यावर मी माळ्यावरून बॅग काढली आणि आम्ही गेलो.

तिकडच्या भाषेत लिहून घेतलेलं कार्ड पर्समध्ये, डॉक्टरांनी शिकवून दिलेलं इंजेक्शन गळ्यातल्या पाउचमध्ये आणि अर्धी बॅग खाऊ. दशम्या मी केल्या होत्या. दिवाळी तोंडावर होती, आणि आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी नणंदबाई स्वतः चिवडा घेऊन आल्या, डबा अजून कोमट लागत होता.

तिथे मी काय पाहिलं म्हणाल, तर लोकांचे हात पाहिले. देवळं, नदी, बाजार सगळं नवऱ्याने पाहिलं. वेटर कार्ड वाचायचा, हसायचा, मान डोलवायचा. जास्त हसणारा माणूस मला मुळात आवडत नाही. मी भाताचा वास घ्यायची, चमचा पुसायची, तेल कुठलं ते खुणेने विचारायची. रस्त्यावरच्या एका गाडीवालीने कार्ड वाचलं आणि आम्हाला हातानेच जा म्हणून सांगितलं. नवरा म्हणाला, "बघ, किती प्रामाणिक." मी म्हटलं, "प्रामाणिक कसली, गिऱ्हाईक नकोय तिला." लेक दोघांच्या मधून, आपली ओळखच नाही अशी चालत होती.

दशम्या संपल्या तेव्हा चिवड्याचा डबा उघडला. परतीच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. हॉटेलच्या नाश्त्याला लेकीने उकडलेलं अंडं, पाव आणि पपई घेतली, आणि एवढ्याने काय होतंय म्हणून मी तिच्या ताटलीत चिवडा वाढला. ती खाली बागेत गेली आणि लगेच परत आली. "आई, घसा खाजतोय." तिचा आवाज तिचा नव्हता. ओठ टम्म झाले होते, मानेवर गांधी उठत होत्या. मी तिथेच तिच्या मांडीत इंजेक्शन टोचलं. हॉटेलच्या गाडीतून हॉस्पिटलला जाताना ती छातीतून शिट्टीसारखा आवाज काढत होती आणि माझ्याकडे बघत होती. मला फक्त एवढंच कळत होतं की ही गेली तर मी इथून घरी जाणार नाही.

वाचली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय खाल्लं? मी पाव, अंडं, पपई, सगळं सांगितलं. घरचं काय सांगायचं असतं? त्याच वेळी बाहेर बाकावर नवरा भुकेने उरलेला चिवडा संपवत होता.

हॉटेलात मी जो तमाशा केला तो नवरा अजून सांगतो. मॅनेजर हात जोडून उभा, आचारी टोपी काढून उभा. पावाचं पाकीट आणून दाखवलं, अंड्याचं पातेलं दाखवलं. मी म्हटलं, धुवून आणलं असेल. मुंबईत आल्यावर इंटरनेटवर त्या हॉटेलची सालटी काढली.

नणंदबाईंना आम्ही काही कळवलं नव्हतं. त्यांचं बीपी वाढतं. पण एका रविवारी त्या जेवायला आल्या आणि लेकीने रंगवून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "काय खाल्लेलंस तरी?"

"पाव, अंडं, पपई. आणि तुझा चिवडा."

"चिवड्याचो प्रश्नच नाय," त्या ठामपणे म्हणाल्या. गडबडीत आधी चाळीचाच चिवडा झाला होता. परत घाणा घालायला पोहे उरले नव्हते. "मगे मी बसलंय डोळ्यार चष्मो लावन. एकेक दाणो येचून काढलंय गो. एक पण ठेवलंय नाय."

आमच्याकडे मासे न खाणारा कुणी पंगतीला असला की तुकडी बाजूला काढतात आणि सार त्याच्या भातावर घालतात. तुकडी गेली की मासा गेला. तोच हिशेब त्यांनी मायेने केला होता. मला संताप आला, पण तो ठेवायला जागा नव्हती. "ताई," मी म्हटलं, "तेल तेच होतं ना? ते तेलातच उतरतं. त्यानेच झालं."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. भाचीच्या गालाला लावायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. त्या हाताकडे बघत उठल्या, मोरीत गेल्या आणि साबणाने हात धुवायला लागल्या. धुतच राहिल्या. लेक मागून गेली, नळ बंद केला आणि त्यांचे ओले हात स्वतःच्या गालांवर धरून उभी राहिली.

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी, देवाशप्पथ, ते हात नीट धुतले गेलेत का तेच बघत होते.