बाराव्या ओळीतलं मीठ

साउथहॅम्प्टनला आमच्या घराजवळच्या वाचनालयात दर महिन्याला एका देशाचा स्वयंपाक शिकवायचे. २००६च्या मार्चमध्ये भारताची पाळी आली आणि ते काम मी अंगावर घेतलं. दहा माणसं, दोन तास, चार बर्नर. मी पुरणपोळी आणि कटाची आमटी निवडली.

पुणं सोडून नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात ही आमटी मी बऱ्याचदा केली, पण घरची चव एकदाही आली नाही. माप चुकत असणार, असं मी धरून चाललो होतो. म्हणून लागोपाठ दोन रविवार आईला फोन करून एकेक जिन्नस वदवून घेतला. ती चमचा म्हणाली की मी विचारायचो, कुठला चमचा.

"मसाल्याच्या डब्यातला रे," ती शेवटी वैतागून म्हणाली. "तू आमटी करतोयस की पूल बांधतोयस?"

तसाच डबा तिने आमच्या लग्नात दिला होता. त्यातल्या चमच्याने घालून मी सगळं काट्यावर तोललं. हरभरा डाळ २५० ग्रॅम, कट दीड लिटर, गोडा मसाला १८ ग्रॅम, गूळ २५, चिंच १५. कागदावर अकरा ओळी झाल्या. तीनदा तपासून दहा प्रती काढल्या.

वर्ग छान चालला. पोळ्या लाटताना हशा पिकला, दोन फाटल्या. आमटीला उकळी आली तेव्हा एका बाईंनी चव बघायला चमचा उचलला. मी त्यांना थांबवलं. सणाचं जेवण आधी देवाला दाखवतात, म्हणून करणाऱ्याने मधे चाखायचं नसतं, हे मी जरा ऐटीतच सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

मग सगळे जेवायला बसले. फार सौम्य आहे, वेगळी आहे, असं एकेक जण म्हणत गेला. माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडे आमटीत मीठ घालत नाहीत का?"

मी घास घेतला. आमटी ठार अळणी होती. कागद पाहिला. अकरा ओळींत मीठ नव्हतं.

आईने ते सांगितलंच नव्हतं आणि मलाही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. बाराव्या वर्षापासून सणाच्या दिवशी आमटीपाशी मी उभा राहायचो आणि ती पाठमोरी पोळ्या लाटायची. मिठाची वेळ झाली हे वाफेच्या वासावरूनच तिला कळायचं. मान न वळवता ती विचारायची, मीठ घातलंस का. मग मी घालायचो. आमच्या घरी मीठ कधी यादीत नव्हतंच.

मी माफी मागितली. मिठाची बरणी टेबलभर फिरली.

रविवारी आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसत होती. मग मी मिठाचं माप विचारलं.

"ते मला नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "तू आमटी टाक. मी फोनवर थांबते."

मी फोन स्पीकरवर करून ओट्यावर ठेवला. आमच्याकडे सकाळचे दहा, तिच्याकडे दुपारचे साडेतीन. आमटी होईपर्यंत ती शेजारणीच्या गुडघ्याबद्दल, नळाच्या वेळेबद्दल बोलत राहिली. माझ्या अंदाजाने चौदा ग्रॅम मीठ मी आधीच तोलून वाटीत काढलं होतं. उकळी आली, मसाल्याचा वास सुटला. मी वाटी हातात धरून उभा होतो.

बोलता बोलता ती थांबली.

"मला इथे वास येत नाही रे," ती म्हणाली. "मीठ घातलंस का?"

"घालतो," मी म्हणालो, आणि वाटी आमटीत उपडी केली.