वैशाखातले तीन खड्डे

देवासच्या टेकडीपलीकडे, गावापासून अर्ध्या कोसावर, नोकरदारांसाठी बंगल्यांची एक नवी ओळ उभी राहिली होती. दहा बंगले, दहांना दहा कुंपणं, आणि सगळीकडे इतकी शांतता की पहिल्या घरात कुणी पापड मोडला तर दहाव्या घरातली म्हातारी दचकून विचारायची, "कोण रे पडलं?" हे मी वाढवून सांगतोय असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल कमी करून घ्यावं. फक्त निम्म्याच्या खाली जाऊ नये.

सड्याफटिंगाला तिथे घर मिळत नसे. घरात माणसं कोण कोण हे अर्जात लिहून द्यावं लागे. मला देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या कचेरीत नुकतीच नकलनविशी लागली होती, तेव्हा अक्षर चांगलं असल्याचा फायदा घेऊन मी झोकात लिहिलं : कुटुंब, दोन मुली आणि आत्या. यातली पहिली तीन माणसं पक्की होती. चौथं अजून ठरायचं होतं.

ही माझी आत्या बालविधवा. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. धारला आमच्या चुलतभावांच्या एकत्र घरात ती पहाटेपासून चुलीपाशी असे. त्या घरात बावीस माणसं जेवत, आणि त्यातले सहाजण एकटे बावीस माणसांचं जेवत. स्वयंपाकघराला खिडकी एक, तीही गोठ्याकडे उघडणारी. तीस वर्षांच्या धुराने तिचे डोळे कायम लाल. आम्ही निघालो तर ती तिथे एकटी पडणार आणि त्या चुलीपाशीच संपणार, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. पण ती नुसती "ये" म्हटल्यावर येणारी बाई नव्हती.

"आश्रित म्हणून एका घरात राहिले, ते पुरे झालं," ती म्हणाली. "घर मी निवडणार. जमिनीला मी विचारणार. ती हो म्हणाली तर येईन, नाही म्हणाली तर परत धारला."

जमिनीला विचारायचं म्हणजे काय, तर आमच्या घराण्यात देशावरून चालत आलेली एक रीत होती. ज्या जागी राहायचं तिथे हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा खणायचा. निघालेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरायची आणि पायाने दाबायची. माती उरली तर घर भरभराटीचं. कमी पडली तर त्या घरात पाऊलही टाकायचं नाही. आमचे पूर्वज घोड्यावरून माळव्यात आले तेव्हा त्यांनी देव आणले, भांडी आणली, आणि हा खड्डाही आणला.

वैशाखात मुलींना धारलाच ठेवून आम्ही तिघं बैलगाडीने देवासला पोचलो. उन्हाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की वाटेत बैलांनी दोनदा माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली उतरून चालू लागलो.

ओळीत तीन बंगले रिकामे होते. माळ्याकडे किल्ल्या होत्या. हा माळी मूळचा सोनकच्छकडचा, खांद्यावर कुदळ टाकून आमच्यामागून चालत होता. घरं बघायची म्हणजे मी आपला दरवाजा, छप्पर, पडवी बघत होतो. आत्याचं बघणं निराळं. ती प्रत्येक कोनाड्यात हात घालून बघे. चुलीत डोकं घालून धुराची वाट कुठे जाते ते शोधी. भिंतीवर टकटक करी आणि कान लावी. विहिरीत वाकून तिने मोठ्याने "कोण आहे?" असं विचारलं. विहिरीने तोच प्रश्न परत केल्यावर तिचं समाधान झालं.

"आत्याबाई, या घराला न्हाणी घरातच आहे," माझं कुटुंब कौतुकाने म्हणालं.

"असू दे. आधी जमीन काय म्हणते ते बघू."

पहिल्या बंगल्याच्या अंगणात खड्डा खणला. माळ्याची कुदळ त्या काळ्या जमिनीवरून तीनदा उसळली. चौथ्यांदा ढेकूळ निघालं ते माझ्या डोक्याएवढं, आणि कडकपणातही माझ्या डोक्याच्या तोडीचं. खड्डा झाला. आत्याने पदर खोचून ढेकळं फोडली, माती भरली, तुडवली. चार बोटं कमी पडली.

"नाही म्हणाली," आत्या म्हणाली आणि सरळ फाटकाबाहेर.

दुसऱ्या बंगल्यात वीतभर कमी पडली. एवढी माती गेली कुठे म्हणून मी स्वतः खड्ड्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. माझ्या चपलांना लागून गेली असेल म्हणून चपला झटकल्या. माळी विडी ओढत बघत होता. त्याला आमची भाषा येत नव्हती, आणि आम्ही त्याला काही विचारत नव्हतो.

एव्हाना ओळीतली खिडक्यांची दारं हळूहळू किलकिली होऊ लागली होती. एकही माणूस दिसत नव्हतं. पण प्रत्येक फटीत एकेक डोळा होता, आणि माझ्या अंदाजाने तिथे माणसांपेक्षा डोळे जास्त होते.

राहिला तिसरा बंगला. तो माझ्या कुटुंबाला पसंत होता. स्वयंपाकघराला दोन मोठ्या खिडक्या, एक पूर्वेला, एक उत्तरेला. आत्या पूर्वेच्या खिडकीपाशी उभी राहिली ती बराच वेळ हलेचना. मग तिने गजांवरून हात फिरवला, दोन्ही दारं लावली, पुन्हा उघडली. अशा खिडकीसमोर उभं राहायची ती किती वर्षांपासून वाट बघत होती, ते तिच्या पाठीवरूनही दिसत होतं.

आणि अंगणातली जमीन तर अगदी तशीच, काळी आणि भेगाळलेली.

"आत्या, आधी चार घास खाऊन घे," मी म्हणालो. "मग विचारू जमिनीला."

त्या दोघी दशम्या खायला बसल्या आणि मी मागच्या बाजूने सटकलो. विचार साधा होता : चार बोटं माती कमी पडते ना, मग चार बोटं माती आणून ठेवावी. पण काळी माती आणायची तर कुदळ मारायला हवी, आणि त्या शांततेत कुदळ वाजली की सगळी ओळ ऐकणार. ओळीसमोर नव्या सडकेसाठी मुरमाचा ढीग पडला होता, मोकळा, भुसभुशीत. मी डगल्याचे दोन्ही खिसे भरले. मग आतले खिसे भरले. पगडीतही थोडा घेतला. परत येताना मी दीडपट जाड झालो होतो आणि पाऊल टाकलं की कुरकुर आवाज होत होता.

तिसरा खड्डा झाला. आत्या माती भरू लागली. "तू दमलीस, तुडवायचं काम माझं," म्हणत मी खड्ड्यावर उभा राहिलो आणि तिने कपाळावरचा घाम पुसायला पदर डोळ्यांवर नेला, तेवढ्यात दोन्ही खिसे रिकामे केले. वर पगडी सारखी करायच्या निमित्ताने तीही झटकली. खड्डा भरला. नुसता भरलाच नाही, वर छोटी उशी आली.

"उरली!" मी ओरडलो. "उरली आत्या!"

आत्या वाकली. तिने चिमूटभर माती उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. त्या काळ्याभोर अंगणात तो खड्डा म्हशीच्या कपाळावर कुंकू लावल्यासारखा दिसत होता.

"ही कुठली?"

"खालची. खोल गेलं की लाल लागते."

"अस्सं. खालची माती शेवटी निघाली, म्हणजे ढिगाच्या वर होती. मी ती आधी टाकली, म्हणजे ती खड्ड्याच्या तळाला. मग तुझी खालची वर कशी आली रे?"

यावर मी काहीतरी भक्कम उत्तर देणार होतो. पण तिने माझ्या डगल्याच्या खिशात हात घातला आणि खिसा बाहेर उलटा केला. उरलासुरला मुरूम झुरझुर करीत माझ्या पायांवर पडला. माळी इतका हसला की त्याची विडी विझली. कुंपणापलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंडावर हात दाबला. माझ्या कुटुंबाने आकाशाकडे पाहिलं, जणू हा गृहस्थ तिच्या ओळखीचाच नव्हता.

आत्या मात्र हसली नाही. रागावलीही नाही. इथे मी काही वाढवत नाही. तिने हात झटकले, खोचलेला पदर सोडला आणि हळूच म्हणाली, "गाडी जुंपायला सांग. मी जाते धारला. तिथला धूर निदान माझ्या ओळखीचा आहे."

ती स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदाही न बघता फाटकाकडे निघाली. मी त्या मुरमात उभा राहून उलटा झालेला खिसा आत ढकलू लागलो.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "अहो आत्याबाई, जायच्या आधी एक सांगू का?"

शेजारच्या घरातल्या मास्तरीणबाई. बोलताना त्या इकडेतिकडे बघत होत्या. "आमचीही कमीच पडली होती."

आत्या थांबली. "काय?"

"माती. देशावरची ही रीत आमच्याकडेही आहे. गेल्या वर्षी, आम्ही आलो तेव्हा खणलं. सासूबाईंनी शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही म्हणून. घर तर मिळालेलं, जाणार कुठे? मग खड्ड्यावर झेंडू लावला."

"झेंडू!" पलीकडच्या अंगणातून दुसरा आवाज कडाडला. मुनसफांची आई काठी टेकत पुढे आली. "तरीच म्हटलं, भर वाटेत झेंडू कोण लावतं! आमच्याकडे केळ लावलीय हो. पाटीभर कमी होती माती. पाटीभर! दोन वर्षं झाली, मी रोज देवाला विचारते, आता काय होणार, आता काय होणार. अजून तरी काही झालं नाही."

मग दारं उघडायला लागली. सहाव्या घरातून एक बाई, आठव्यातून एक. कुणी तुळस लावली होती, कुणी वर पाण्याची कुंडी ठेवली होती, एकीने तर खड्ड्यावर कुत्रा बांधला होता. सगळ्यांची माती कमी आणि सगळ्यांची तोंडं बंद. त्या ओळीतली ती सुप्रसिद्ध शांतता कशाची होती ते मला त्या दिवशी कळलं. आपलं अपशकुनी घर शेजारणीला कळू नये म्हणून सगळ्या बायका दोन-दोन वर्षं जपून बोलत होत्या.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळून तिने पहिल्यांदा माळ्याला विचारलं. तिचं हिंदी असं होतं की त्यातली क्रियापदं मराठी आणि राग मालवी असे. "क्यों रे, ये माटी कहां जाते?"

माळ्याने विडी कानावर ठेवली. "माई, या काली माटी है। बैसाख में भूखी रे। पूरो बैल गटक जाय।" आणि त्याने कुंपणातली एक काठी उपसून अंगणातल्या एका भेगेत सोडली. काठी मूठभर वर राहिली, बाकी सगळी आत. "मेह पड़े पछी खोदजो। माटी दूनी निकलेगी।" म्हणजे पाऊस पडल्यावर खणा, माती दुप्पट निघेल.

आत्या जमिनीवर बसली. मग सोवळ्याची, पांढऱ्या लुगड्याची, कशाची पर्वा न करता आडवी झाली आणि तिने भेगेत कोपरापर्यंत हात घातला. तिने मूठभर चुरा आत सोडला आणि कान लावला. पुन्हा मूठभर सोडला, पुन्हा कान लावला. तिच्या चेहऱ्यावर असं कुतूहल मी त्याआधी पाहिलं नव्हतं. भेगेत कोणी राहत असेल आणि आत्ता उत्तर देईल, अशा थाटात ती ऐकत होती.

"थंड आहे गं आत," ती माझ्या कुटुंबाला म्हणाली. "हात घालून बघ."

मग मास्तरीणबाईंनी हात घातला. मुनसफांच्या आईला वाकता येईना, तर तिची काठी घातली.

आत्या उठून बसली. "आमच्या आजेपणज्यांना लाल माती ठाऊक होती," ती हळूहळू म्हणाली. "या जमिनीला भलत्या महिन्यात विचारलं आपण. उपाशी माणसाच्या ताटात काय उरलं ते बघायला जावं, तसं." मग एकदम मान वर करून, "धारचं घर कधी बांधलं रे? पावसाआधी की नंतर?"

"मला काय ठाऊक? मी तेव्हा जन्मलो नव्हतो."

"म्हणजे त्या घराची मातीही कशी उरली, देव जाणे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. मग मुनसफांच्या आईकडे वळली. "पाटीभर म्हणालात ना? मोठी पाटी की लहान?"

"मोठी हो! शेणाची!"

"आमचा वीतभर खड्डा राहिला होता," आठव्या घरातली म्हणाली, जराशा अभिमानाने.

झालं. कुणाची जमीन जास्त खादाड यावर भर उन्हात असा वाद सुरू झाला की इकडे लग्नाचं वऱ्हाड आलं असं समजून गावातून दोन वाजंत्री बघायला आले. निदान मला तरी ते वाजंत्रीच वाटले.

मी हळूच गाडीवाल्याकडे निघालो. मला वाटलं, आता माझा गुन्हा विसरला गेला.

"तू कुठे चाललास?" आत्या म्हणाली. "बस इथे. हा मुरूम काढ सगळा. खडा न् खडा. लाल दिसता कामा नये."

"आता कशाला?"

"पाऊस पडला की मी इथे भोपळा लावणार आहे. खडकावर लावू का?"

मी मांडी घालून बसलो आणि काळ्यातून लाल वेचू लागलो. माझं कुटुंब म्हणालं, "पगडीतलाही काढा हो, केसांत दिसतोय." बायका माझ्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या आणि राहिलेले खडे बोटाने दाखवू लागल्या. दरबारच्या नकलनविसाला अशी शिक्षा त्याआधी झाली नसावी.

आत्या मात्र पायरीवर मास्तरीणबाईंच्या शेजारी टेकली. पदराने तिने हाताची माती पुसली आणि गळ्यातली आपल्या पेटीची किल्ली चाचपत विचारलं, "दूध कोण घालतो हो इकडे? म्हशीचं की गाईचं?"

"गवळी येतो पहाटे. म्हशीचं."

"पाणी घालतो?"

"घालतो तर!"

"असू दे. उद्या त्याला माझ्याकडे पाठवा. मी बोलते."