डेडवुडचं मराठी मी केलं

आप्पांनी बनवलेल्या लाकडी नमुन्यावर कंपनीने आणलेल्या सल्लागाराने स्टीलची टेप ताणली. वाकून पाहिलं. मग अख्ख्या केबिनला ऐकू जाईल असं म्हणाला, "थ्री-ओ-थ्री. ड्रॉइंग सेज थ्री हंड्रेड. थर्टी इयर्स, अँड ही कान्ट मेझर." माझ्याकडे वळला. "टेल हिम. धिस इज व्हॉट वी कॉल डेडवुड."

मला सांगायचं होतं. त्यासाठीच मला तिथे बसवलं होतं. आणि आप्पा म्हणजे माझा बाप.

पत्रकं मी आता रोज लिहिते, गेटवर वाटते. त्यात मालक आहे, सल्लागार आहे, बिल्डर आहे. मी नाही. म्हणून हे लिहितेय.

भांडुपची छोटी फाउंड्री. लोखंड ओतणारी. आप्पा तिथे पॅटर्नमेकर. जो भाग लोखंडाचा हवा तो आधी लाकडात घडवायचा, रेतीत दाबून साचा उठवायचा, मग साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. आम्ही बौद्ध, साताऱ्याकडचे. सुतारकी आमच्या घराची नव्हे. गावात कुणी रंध्याला हात लावू दिला नसता. आप्पा हेल्पर म्हणून लागले, भुसा झाडता झाडता शिकले. मी बी.कॉम. करून त्याच कंपनीच्या ऑफिसात ट्रेनी. कायम व्हायचं पत्र महिन्याभरात मिळणार होतं. सल्लागार आला तेव्हा एचआर मॅडम गोड बोलल्या, "तूच समजाव ना यांना मराठीत. घरातलीच आहेस, तुझं ऐकतील."

तीनशे तीन मिलिमीटर बरोबर होतं. मला शाळेपासून माहीत होतं. ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून लाकूड तेवढं मोठं ठेवायचं. पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिचा सेंटीमीटर दुकानातल्या सेंटीमीटरपेक्षा केसभर लांब. लहानपणी त्या पट्टीने मी वहीत समास आखले होते आणि आप्पांचा मार खाल्ला होता.

आप्पांनी खिशातून पट्टी काढून टेबलावर ठेवलीसुद्धा. "साहेब, लोखंड आखडतं. तेवढं आधीच धरावं लागतं."

"व्हॉट इज ही सेइंग?"

"लीव्ह इट," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांकडे काही ना काही एक्स्प्लनेशन असतं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी सांगेल आता. इंग्रजी शिकलीय.

मी समोरची फाइल सरळ केली.

मग तोंड उघडलं ते असं: "आप्पा, साहेब म्हणतात, तुम्ही जुने जाणते आहात. आता आराम करा."

आप्पा ताठ बसले. हात जोडले. "थँक्यू, साहेब."

सल्लागार हसला. मॅडम हसल्या. मीही हसले. 

आप्पांनी राजीखुशीच्या निवृत्तीच्या फॉर्मवर सही केली. तळाला छापलेलं होतं: मजकूर कामगारास मराठीत समजावून सांगितला. त्याखाली माझी सही. तारीख घालून.

घरी येऊन मी मोबाइलवर तो शब्द काढला. अर्थ ढोबळ माहीत होता, तरी काढला. पहिला अर्थ झाडाची मेलेली फांदी. दुसरा, संस्थेतला निरुपयोगी माणूस. मग वाक्यात उपयोग. वाचत गेले तसं दिसलं. हा शब्द एकटा येतच नाही. त्याच्याबरोबर कायम कट असतं, क्लिअर असतं, रिमूव्ह असतं. फांदी कुणी वाळवली, पाणी कुणी तोडलं, हे एकाही वाक्यात नाही. दोन वर्षं आप्पांच्या खात्यात नवं मशीन नाही, नवा माणूस नाही. आणि गेल्या महिन्यापासून आवारात बिल्डरचे तिघे जण जमीन मोजत फिरत होते.

जेवताना मी सगळं सांगितलं. शब्द, अर्थ, माझं खोटं.

आप्पांचा घास हातातच राहिला. "मी थँक्यू म्हणालो गं त्याला."

"आप्पा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाटू नये म्हणून? का तुला कायम व्हायचंय म्हणून?" आवाज चढला नाही. "साहेबाचं मला सांगायचंस, माझं साहेबाला. मधे स्वतःचं कशाला घुसडलंस?"

ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी यादीतले दहा जण उरले होते. पहिले परबमामा, रेतीत साचे उठवणारे मोल्डर, मालवणचे. फॉर्म पुढे सरकला. मी म्हणाले, "मामा, साहेबांच्या यादीत तुम्हाला वाळकं लाकूड लिहिलंय. तोडून फेकायचं. या कागदावर सही केलीत तर तुम्ही स्वतःहून गेलात असं होईल."

मॅडम ताडकन वळल्या. "यू आर हिअर जस्ट टू ट्रान्सलेट!"

"तेच करतेय, मॅडम. काल केलं नव्हतं."

परबमामांनी पेनाला टोपण लावलं. "माका खुर्ची दी गो. मी खंय जावचंय नाय."

दहापैकी एकानेही सही केली नाही. संध्याकाळी मला काढलं. आठवड्याने गेटला कुलूप लागलं. मग एक दिवस टेम्पो आला आणि पॅटर्नच्या खोलीतलं सगळं भरून घेऊन गेला. ड्रायव्हरला विचारलं, कुठे? म्हणाला, "बेकरीच्या भट्टीला." आप्पा शेजारीच उभे होते.  त्या दिवसापासून फारसे बोलतच नाहीत.

आता लेबर ऑफिसात आप्पांच्या निवृत्तीवर सुनावणी आहे. कंपनीचा पुरावा एकच. आप्पांची सही आणि त्याखाली माझी. शिकलेल्या मुलीने स्वतः समजावून सांगितलं, अजून काय हवं? परवा कंपनीचा माणूस चाळीत येऊन गेला. चहासुद्धा प्याला. जाताना दारात म्हणाला, "खोटी साक्ष दिली म्हणशील तर केस तुझ्यावर होईल. पुढे नोकरी कोण देणार तुला? विचार कर ना, बेटा."

विचार केला.

मी उभी राहणार आहे. ही सही माझी आहे, आणि हिच्या वरचं वाक्य खोटं आहे, असं आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, त्या सल्लागाराच्या तोंडावर सांगणार आहे. लोखंड किती आखडतं तेही सांगणार आहे. केस करायची तर करा. नाव, पत्ता तुमच्याच फाइलमध्ये आहे.